ठाऊक असलेला रंग, दिसणारा रंग

लिंबाचा पिवळा, पानाचा हिरवा, मंगलोरी कौलाचा तांबडा हे रंग त्या त्या वस्तूच्या मालकीचे आहेत असे माणूस धरून चालतो, आणि रोजच्या व्यवहारात तसे धरणे सोयीचेही असते. मंडईत टोमॅटो पिकला आहे की नाही हे पाहताना आभाळ निरभ्र आहे की ढगाळ याची चौकशी कोणी करत नाही. चित्रकलेच्या परिभाषेत वस्तूच्या या स्वतःच्या रंगाला, म्हणजे ऊन, सावली, शेजारच्या वस्तूंवरून येणारा उजेड आणि मधल्या हवेचा परिणाम वजा केल्यावर जो उरेल असे मानले जाते त्या रंगाला, ‘लोकल कलर’ म्हणतात. या व्याख्येतली अडचण अशी, की वजाबाकी करून उरणारा हा रंग शुद्ध स्वरूपात कधीच डोळ्यांसमोर येत नाही, कारण रंग दिसण्यासाठी प्रकाश लागतो आणि प्रकाश आला की त्याच्यासोबत त्याचा स्वतःचा रंग, त्याची दिशा आणि त्याने पाडलेली सावली हेही येतेच. लोकल कलर हा पाहिलेला नव्हे तर ठाऊक असलेला रंग आहे. चांगल्या चित्रकाराने तो विसरायचा असतो, असे गेल्या दीडशे वर्षांत अनेकांनी सांगितले. परंतु चित्रकलेचा इतिहास बारकाईने पाहिला तर तो क्वचितच पूर्णपणे विसरला गेला आहे, आणि ज्या चित्रांत तो खरोखर विसरला गेला त्यांतून वस्तूही नाहीशी झालेली आहे.

एखादी वस्तू आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. कोणता भाग किती प्रमाणात परत पाठवायचा हे तिच्या पृष्ठभागाच्या घडणीवर ठरलेले असते, आणि हे प्रमाण म्हणजेच लोकल कलरचा भौतिक आधार होय. डोळ्यांपर्यंत जे पोहोचते ते मात्र या प्रमाणाचा आणि पडलेल्या प्रकाशाचा गुणाकार असतो. दुपारच्या उन्हात चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीची उजेडातली बाजू किंचित उबदार दिसते, तर तिच्यावर पडलेली झाडाची पडछाया निळसर दिसते, कारण सावलीच्या जागी सूर्याचे थेट ऊन पोहोचत नसले तरी निळ्या आकाशाचा उजेड पोहोचतच असतो. कोकणातल्या घरापुढे जांभ्याचे अंगण असेल तर त्याच भिंतीचा जमिनीलगतचा पट्टा तांबूस होतो. संध्याकाळी दिवा लागला की सगळी भिंत पिवळी-नारिंगी होते, आणि सह्याद्रीची हिरवी रांग दहा-पंधरा कोसांवरून पाहिली तर हिरव्याचा मागमूसही न राहता ती निळी दिसते. इतके सगळे घडूनही भिंत पांढरीच आहे आणि डोंगर हिरवाच आहे याबद्दल पाहणाऱ्याच्या मनात शंका येत नाही.

ही शंका न येणे हाच चित्रकाराच्या मार्गातला खरा अडथळा आहे. बदलत्या प्रकाशातही वस्तूचा रंग कायम आहे असे भासवण्याच्या दृष्टीच्या या क्षमतेला रंगस्थैर्य म्हणतात, आणि तिचा आवाका किती मोठा आहे हे एका साध्या हिशेबावरून कळते. छापील कागदावरची काळी शाई पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ५ टक्के प्रकाश परत पाठवते आणि कोरा कागद सुमारे ८० टक्के; पण भर उन्हातला प्रकाश घरातल्या प्रकाशाच्या शंभर-दोनशे पट असू शकतो, त्यामुळे अंगणात धरलेल्या वर्तमानपत्रातले काळे अक्षर खोलीतल्या कोऱ्या कागदाहून कितीतरी अधिक प्रकाश डोळ्यांत सोडते. तरीही अक्षर काळेच दिसते आणि कागद पांढराच. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग याने यात स्मृतीचा वाटा दाखवून दिला आणि ओळखीच्या वस्तूच्या मनात साठलेल्या रंगाला ‘स्मृतिरंग’ असे नाव दिले. २०१५ साली समाजमाध्यमांवर गाजलेल्या एका पोशाखाच्या छायाचित्राने हाच प्रकार जगभरच्या घराघरांत नेला. पोशाख प्रत्यक्षात निळा-काळा होता, पण तो सावलीत आहे असे ज्यांच्या मेंदूने गृहीत धरले त्यांना तो पांढरा-सोनेरी दिसला, आणि एकाच पडद्याकडे पाहणारी दोन माणसे आपापल्या रंगावर हटून बसली. मेंदू प्रकाश वजा करून लोकल कलर काढून देतो. ही वजाबाकी चुकू शकते, एवढेच त्या छायाचित्राने सिद्ध केले.

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या शासकीय ग्रेड परीक्षांना बसलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना या वजाबाकीचा फटका बसलेला आहे, जरी त्या वेळी त्याला असे नाव कोणी दिले नसले. स्मरणचित्रात झाडाचे खोड तपकिरी, आकाश निळे आणि गवत हिरवे रंगवले जाते, आणि तिथे ते चालतेही, कारण तो प्रश्नच स्मृतीचा असतो. परंतु समोर मांडलेल्या वस्तूंचे स्थिरचित्र करतानाही विद्यार्थी वस्तूकडे एकदा पाहून तिचे नाव मनाशी पक्के करतो आणि मग त्या नावाचा रंग भरतो. सावली दाखवायची तर त्याच रंगात काळा मिसळायचा, हा पुढचा सर्वमान्य तोडगा. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी हिरवा तयार होतो, म्हणून अशा चित्रांतली केळी सावलीच्या बाजूने कच्ची राहिल्यासारखी दिसतात. जाणते शिक्षक त्यावर जो उपाय सांगतात तो जुनाच आहे: कागदाला लहानसे छिद्र पाडून त्यातून वस्तूचा एकच तुकडा पाहावा, म्हणजे तो केळ्याचा आहे की टेबलाचा हे कळेनासे होते आणि खरा दिसणारा रंग, बहुधा एखादा मळकट तपकिरी किंवा राखाडी, समोर येतो. डोळे किलकिले करून पाहण्यामागचा हेतू मात्र वेगळा असतो. त्याने रंगांचे तपशील मंदावतात आणि उजळ-गडदपणाचे मोठे भाग उठून दिसतात.

लोकल कलर वस्तूच्या नेमक्या कोणत्या भागात सर्वांत जास्त उघड होतो, या प्रश्नाचे उत्तर पृष्ठभागानुसार बदलते, आणि या बाबतीत पाठ केलेल्या नियमापेक्षा भाजीच्या टोपलीकडे पाहणे अधिक उपयोगी पडते. वांग्यासारख्या गुळगुळीत पण अधातू वस्तूवर जी चकाकी दिसते तिच्यात वांग्याचा जांभळा नसतोच, ती खिडकीच्या उजेडाच्या रंगाची, म्हणजे बहुधा पांढरट निळी असते. जांभळा रंग सापडतो तो चकाकी आणि सावली यांच्या मधल्या पट्ट्यात, ज्याला स्टुडिओत हाफटोन म्हणतात. पितळेच्या तांब्याचे याच्या उलट आहे. धातू परावर्तित प्रकाशालाच आपला रंग देतो, म्हणून तांब्यावरची चकाकीही पिवळसर असते आणि त्यात दिसणारी शेजारची प्रत्येक वस्तू पिवळ्या छटेत बुडालेली असते. त्याची उरलेली अंगे इतरांच्या प्रतिबिंबांनी भरलेली असल्यामुळे तांब्याचा स्वतःचा असा सलग रंग कुठे दाखवावा हा प्रश्न पडतो. केळीच्या पानावर समोरून ऊन पडले असता ते थंड, काहीसे राखाडी हिरवे दिसते, आणि तेच पान सूर्याच्या आड धरले तर प्रकाश त्यातून आरपार येऊन ते पोपटी-पिवळे पेटून उठते. या दोन हिरव्यांपैकी पानाचा खरा कोणता, हे ठरवणे निरर्थक आहे.

युरोपीय चित्रकलेत हा प्रश्न तंत्राच्या पातळीवर पहिल्यांदा स्पष्टपणे मांडलेला दिसतो तो इ. स. १४००च्या सुमारास लिहिलेल्या चेन्निनो चेन्निनी याच्या कारागिरीच्या ग्रंथात. वस्त्र रंगवताना एकाच रंगाच्या तीन छटा तीन भांड्यांत तयार कराव्यात, सर्वांत गडद भागासाठी निव्वळ रंग वापरावा आणि उजळ भागांसाठी त्यात पांढरा वाढवत न्यावा, अशी ती पद्धत होती. म्हणजे लोकल कलर पूर्ण तेजाने सावलीतच बसवला जाई. त्या काळच्या भित्तिचित्रांतली वस्त्रे आजही ताजी वाटतात त्याचे श्रेय या पद्धतीला आहे, पण तिच्यात एक खोट होती: निव्वळ पिवळा हा मुळातच उजळ आणि निव्वळ निळा मुळातच गडद असल्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या दोन व्यक्तींपैकी निळ्या झग्याची सावली खोल आणि पिवळ्या झग्याची सावली उथळ दिसे, आणि दोघे एकाच प्रकाशात उभे आहेत हे पटत नसे. लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४३५च्या चित्रकलेवरील ग्रंथात रंग प्रकाशावर अवलंबून असतो हे सांगताना, कुरणातून चालणाऱ्यांचे चेहरे हिरवट दिसतात, असे निरीक्षण नोंदवले. तरी खरी उकल केली ती लिओनार्दो दा विंचीने. त्याने सगळ्या चित्राला उजळ-गडदाची एकच पट्टी लावली, सर्व रंगांना सावलीत सारखेच खाली उतरवले आणि लोकल कलरचे तेज उजेडाच्या भागापुरते राखून ठेवले. एकसंधपणा आला, पण रंग विझले. लिओनार्दोची चित्रे तपकिरी वाटतात यात जुन्या वॉर्निशचा दोष आहे तसाच या निर्णयाचाही वाटा आहे.

मायकेलअँजेलोला हा सौदा पसंत नव्हता. सिस्टाइन चॅपेलच्या छतावर (१५०८–१२) त्याने ‘कांजान्ते’ या नावाने ओळखली जाणारी तिसरी वाट वापरली, जिच्यात सावलीसाठी रंग काळवंडवण्याऐवजी रंगच बदलला जातो. प्रेषित दानिएलच्या पिवळ्या वस्त्राची सावली हिरवी होत जाते. १९८०च्या दशकात छताची स्वच्छता होऊन शतकांची काजळी उतरली तेव्हा हे भडक रंग पाहून काही अभ्यासक इतके अस्वस्थ झाले की मूळ चित्रच पुसले गेले, असा आरोप त्यांनी केला. धूपछाव रेशमाची सवय असलेल्या भारतीय डोळ्याला त्यात अस्वस्थ होण्यासारखे फार काही वाटले नसते.

भारतीय परंपरेत प्रश्नाची मांडणीच निराळी आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात ‘वर्तना’ म्हणजे छटांनी उठाव देण्याच्या पद्धती सांगितलेल्या आहेत आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत चेहऱ्यांना व अवयवांना असा उठाव दिलेला दिसतोही. मात्र तो उठाव आकाराची गोलाई सांगतो, विशिष्ट वेळी विशिष्ट दिशेने आलेल्या उन्हाची खबर देत नाही, आणि म्हणूनच तिथे जमिनीवर पडछाया नाहीत. पुढे राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रांत लोकल कलर जवळजवळ एकछत्री राज्य करतो. मध्यरात्री अभिसारिका निघालेली असते, वर काळ्या ढगांत वीज असते, तरी तिची लाल ओढणी भर दुपारी असावी तितकीच लाल असते. रात्र कळते ती आकाशाच्या रंगावरून, चंद्रावरून आणि मशालींवरून. ज्या चित्राला नायिकेची ओळख, तिचा भाव आणि तिचे रूप सांगायचे आहे त्याच्या लेखी तिची ओढणी अंधारात काळपट दिसते ही माहिती बिनमहत्त्वाची, किंबहुना दिशाभूल करणारी आहे. हे अज्ञान नव्हे. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतही हेच तत्त्व चालते: कथा सांगताना एकामागून एक चित्रे पुढे ठेवली जातात, आणि प्रत्येक चित्रातला प्रकाश बदलून पात्राचा रंग बदलला असता तर राम कोणता आणि रावण कोणता हे श्रोत्यांना प्रत्येक वेळी नव्याने सांगावे लागले असते.

या दोन दृष्टींची गाठ महाराष्ट्रात पडली ती १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या, पुढे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेत. तिथल्या पाश्चात्त्य धर्तीच्या शिक्षणात विद्यार्थ्यांना ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लॅस्टरमधल्या पांढऱ्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन करावे लागे, आणि या पद्धतीवर वसाहतवादी म्हणून जी टीका होते तिच्यात तथ्य असले तरी तिचा एक शुद्ध तांत्रिक हेतू दुर्लक्षून चालत नाही: प्लॅस्टर पांढरे असल्यामुळे वस्तूचा स्वतःचा रंग समीकरणातून बाहेर जातो आणि प्रकाश आकारावर काय करतो तेवढेच उरते. त्या शिस्तीतून घडलेल्यांपैकी सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगन्‌मोहन राजवाड्याच्या कलादालनात आहे, आणि ते राजा रविवर्म्याचे आहे असा गैरसमज आजही अनेक प्रेक्षक बाळगून असतात. कन्येलाच समोर उभे करून काढलेल्या या चित्रात दिव्यापुढे धरलेल्या हाताचा आडोसा आहे, आणि ज्योतीचा उजेड बोटांमधून व बोटांच्या कडांतून पाझरतो आहे. कातडीचा जो लोकल कलर गव्हाळ म्हणून सांगता येईल तो या हातावर अगदी थोड्या जागी सापडतो. ज्योतीजवळ तो तांबडा-नारिंगी होतो, कारण तिथे प्रकाश कातडीवरून परतत नसून मांसातून गाळून येतो, आणि ज्योतीपासून दूर गेलेल्या भागांत तो अंधारात विरतो. जलरंगात उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद, त्यावर नंतर पांढरा चढवण्याची सोय जवळजवळ नाही; म्हणून प्रकाशाची ही सगळी मोजदाद पहिला वॉश देण्यापूर्वीच मनात झालेली असावी लागते. चित्र लोकप्रिय झाले म्हणून समीक्षकांनी त्याच्याकडे काहीशा उपेक्षेने पाहिले असेल, पण ठाऊक असलेल्या रंगाला दिसणाऱ्या रंगापुढे माघार घ्यायला लावणे आणि तरीही हात हातच ठेवणे हे काम याहून चोख केलेली मराठी चित्रे फार नाहीत.

युरोपात ठाऊक असलेल्या रंगाविरुद्ध उघड बंड झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याची एक पूर्वतयारी कापड रंगवण्याच्या कारखान्यात झाली. पॅरिसच्या गोबलँ येथील गालिचे विणणाऱ्या शाही कार्यशाळेत रंगविभागाचा प्रमुख म्हणून १८२४ साली आलेला रसायनशास्त्रज्ञ मिशेल-युजेन शेव्रल याच्याकडे काळा रंग पुरेसा काळा उतरत नाही अशी तक्रार आली, तेव्हा रंगद्रव्यात दोष नसून शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका दिसतो हे त्याच्या लक्षात आले. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने शेजारचे रंग एकमेकांना बदलतात हा नियम चित्रकारांच्या हाती दिला. इम्प्रेशनिस्टांनी तो उन्हात नेला. क्लोद मोने याने १८६८–६९च्या हिवाळ्यात काढलेल्या ‘मॅगपाय’ या चित्रात पांढऱ्या बर्फावरच्या कुंपणाच्या सावल्या निळ्या आहेत, आणि १८६९च्या अधिकृत प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ते चित्र नाकारले. १८७६ साली रन्वार याने झाडाखाली बसलेल्या स्त्रीच्या उघड्या देहावर पानांतून झिरपणारा हिरवा-जांभळा उजेड दाखवला, तेव्हा ‘ल फिगारो’चा समीक्षक अल्बेर वोल्फ याने त्याची तुलना सडू लागलेल्या मांसाशी केली. वोल्फची चेष्टा आज इतिहासात खलनायकी ठरली असली तरी त्याने जे पाहिले ते खोटे नव्हते. कातडीचा रंग सोडून दिल्यावर प्रेक्षकाने तो प्रकाश म्हणून वाचायचा की डाग म्हणून, हे प्रेक्षकाच्या सवयीवर राहते, आणि १८७६ साली ती सवय कोणालाच नव्हती.

मोनेने पुढे १८९०–९१ मध्ये जिव्हेर्नी येथील गव्हाच्या गंज्यांची जी मालिका केली तिच्यात एकच गंजी कधी गुलाबी, कधी जांभळी, कधी विस्तवासारखी तांबडी होते, आणि १८९१च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये त्यांपैकी १५ चित्रे एकत्र मांडली गेली. त्यातले एक चित्र काही वर्षांनी मॉस्कोत पाहताना वासिली कांडिन्स्कीला समोर काय रंगवले आहे तेच ओळखता आले नाही. ती गंजी असल्याचे त्याला सूचिपत्रावरून कळले, आणि वस्तू न ओळखूनही चित्र मनातून जात नाही याचा त्याला बसलेला धक्का त्याने स्वतःच आठवणींत नोंदवून ठेवला आहे. अमूर्त चित्रकलेच्या जन्मकथेत हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. लोकल कलरच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा अर्थ सरळ आहे: गंजी गव्हाच्या रंगापासून किती दूर गेली आहे हे कळण्यासाठी ती गव्हाची आहे हे कळावे लागते, आणि तो धागा तुटला की उरतात ते केवळ रंग.

धागा न तोडता रंग सोडण्याची युक्ती मातीसने दाखवली. १९०५ साली त्याने काढलेल्या पत्नीच्या व्यक्तिचित्रात कपाळापासून हनुवटीपर्यंत हिरवा पट्टा उतरतो, चेहऱ्याच्या दोन बाजू दोन निराळ्या रंगांच्या आहेत, आणि तरीही तो चेहरा क्षणभरही चेहरा असण्याचे थांबत नाही, कारण पट्टा जिथे आहे तिथे उजेड आणि सावली यांची सीमारेषा पडणारच होती. रंगाची जात बदलली पण उजळ-गडदपणाचे प्रमाण जागच्या जागी राहिले. हीच विद्या मुंबईच्या सिनेमा-होर्डिंगच्या रंगाऱ्यांना पुरेपूर अवगत होती. नायकाच्या गालावर जांभळा आणि खलनायकाच्या कपाळावर हिरवा बिनदिक्कत फासला तरी रस्त्यापलीकडून दोघे ओळखू येत, आणि तरुणपणी हेच काम केलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या पुढच्या चित्रांतल्या धीट रंगाची मुळे शोधताना पॅरिसइतकेच ग्रँट रोडकडेही पाहायला हवे. ऑस्ट्रियातून नाझींमुळे परागंदा होऊन मुंबईत आलेले आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलादिग्दर्शक म्हणून काम केलेले वॉल्टर लँगहॅमर यांच्या मोकळ्या, उन्हाळलेल्या रंगांचा परिणाम सैयद हैदर रझा यांच्या सुरुवातीच्या निसर्गचित्रांवर झाला, तिथे मुंबईचे रस्ते आणि इमारती आपापल्या रंगांवर हक्क न सांगता चित्राच्या एकंदर सुरात मिसळतात.

संगणकावर घडवल्या जाणाऱ्या ॲनिमेशनपटांनी मात्र या सगळ्या वादाला अनपेक्षित वळण दिले आहे. तिथे प्रत्येक वस्तूसाठी तिच्या निव्वळ रंगाचे एक वेगळे चित्र तयार केले जाते, ज्यात सावली, चकाकी किंवा दिव्याचा पिवळेपणा यांतले काहीही असता कामा नये. ती वस्तू किती गुळगुळीत आहे, धातूची आहे की नाही, तिच्यातून प्रकाश कितपत आरपार जातो ही माहिती स्वतंत्रपणे दिली जाते, आणि सूर्य किंवा दिवा कुठे ठेवायचा हे सांगितल्यावर उरलेला गुणाकार यंत्र करते. वांगे आणि पितळी तांब्या यांच्या चकाकीतला फरक तिथे एका आकड्याने नोंदवला जातो. असे निव्वळ रंग मिळवण्यासाठी भिंती, खडक, झाडांच्या साली यांची छायाचित्रे शक्यतो ढगाळ दिवशी घेतली जातात, म्हणजे पडछाया टळतात, आणि तरीही खाचाखोचांत राहिलेला अंधार, गुळगुळीत कडांवर उमटलेले आभाळ आणि जमिनीवरून उसळलेला उजेड नंतर हाताने पुसून काढावा लागतो.